आवडाबायची उंडी

“माझं कुणी खरं मानलं नाही.” आवडाबाय म्हातारी झाली, दात पडले, कमरेत वाकली, तरी तिचं हे गाऱ्हाणं सुटलं नाही. उंडीच्या झाडाखाली बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. आणि ऐकणाऱ्यानं मान खाली घालून ऐकायचं, कारण खरंच कुणी मानलं नव्हतं.

ही गोष्ट फार वर्षांपूर्वीची. निवेखोल गावात तेव्हा नुसते माड नि पोफळी. समुद्र एका हाकेवर. माड दिसायला देखणे, पण त्यांची सावली म्हणजे फाटकं लुगडं, इकडून ओढावं तर तिकडून उघडं. बाया आगरात शिंपणं करायच्या नि तान्ही पोरं दोन माडांना झोळी बांधून तीत ठेवायच्या.

आवडाची पहिली मुलगी, शेवंती, पाच महिन्यांची. वैशाखातली दुपार. आवडानं झोळी सावलीत बांधली नि पाण्याला गेली. विहिरीवरून कळशा भरभरून पोफळीच्या शेवटच्या ओळीपर्यंत पाणी घातलं. परत येऊन बघते तर सावली दोन हात सरकलेली नि झोळी उन्हात. पोर तव्यासारखी तापलेली. दिवे लागायच्या आत गेली.

गाव जमलं. देवापुढे गावाचं गाऱ्हाणं घालायचा मान दादू गावकराचा. त्यानं नारळ ठेवला, डोळे मिटले नि सांगितलं, “जागेवाल्यानं नेली. तो तिथला राखणदार, ती जागा त्याची आहे. तिथं काही लावू नका, नाहीतर पुढचंही नेईल.”

आवडा उभी राहिली. “जागेवाला नाय, ऊन! मी डोळ्यांनी बघितलं. सावली सरकली नि ऊन पोरीवर आलं.”

“ऊन काय आजचं आहे गो?” बाया म्हणाल्या. “आमची नाय वाढली त्याच उन्हात?”

“तुमची वाढली, माझी मेली. आता मी तिथंच असं झाड लावीन, ज्याची सावली सरकणार नाय.”

सगळे हसले. सरकणार नाही अशी सावली! बाईचं डोकं फिरलं म्हणाले. एक तिचा नवरा धाकू तेवढा हसला नाही. तो जमिनीकडे बघत होता.

आवडा समुद्रकाठी गेली नि उंडीची फळं वेचून आणली. उंडी आपल्या किनाऱ्याचीच. खाऱ्या वाऱ्याला भीत नाही, पान जाड नि चकचकीत, सावली अशी दाट की खाली बसलं की अंगाची आग निवते. पण तिचं बी कवटीत असतं, नि कवटी दगडासारखी. आवडानं ती हलक्या हातानं फोडली, आतला गर दुखावू दिला नाही, ओल्या वाळूत बी पुरलं. महिना गेला, काही नाही. दुसऱ्या महिन्यात कोंब आला. असं म्हणतात, त्या दिवशी तिच्या कोरड्या छातीला पुन्हा दूध आलं.

रोप गुडघ्याएवढं झालं नि एका सकाळी तुटलेलं मिळालं. तिनं दुसरं लावलं. दुसऱ्या वर्षी तेही तुटलं. तिसऱ्या वर्षीही तेच.

गाव म्हणालं, “बघ, जागेवाल्याला चालत नाय.”

आवडा तुटलेला बुंधा घेऊन गावकराच्या अंगणात गेली. बुंध्यावरचा काप तिरका होता नि त्याच्या मधोमध सुतासारखी बारीक रेघ उठली होती. कोयत्याच्या पात्याचा दात पडला की लाकडावर अशी रेघ उठते. “गावकर, हा जागेवाल्याचा कोयता का? दात पडलेलाच बरा मिळाला त्याला! कुणाच्या घरनं उसना नेला?”

“तोंड सांभाळ, आवडा. बकरीनं खाल्लं असेल.”

“बकरी कोयता कमरेला लावून फिरते काय तुमच्यात?”

माघ उजाडला. माघात आमच्याकडचे पुरुष झाडावर चढून पालेदार फांद्या तोडतात, त्याला म्हणतात कवळ. कवळ शेतात पसरायचं, वाळलं की जाळायचं, नि त्या राखेत भाताचं बी पेरायचं. आवडाला तेव्हा सातवा महिना. पण पोट सांभाळत ती घरोघरच्या शेतात गेली नि प्रत्येकाच्या कवळाची फांदी न् फांदी उलटून बघितली. पुरुष चिडले. पोरं मागून ओरडली, “आवडाबाय रेघ शोधते!” साऱ्या गावाचं कवळ बघून झालं. रेघ कुठेच नाही.

“आता तरी पटलं ना?” बाया म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ती आपल्या शेतात आपलं कवळ पसरायला वाकली. पहिल्या फांदीवर रेघ. दुसऱ्या फांदीवर रेघ. खालच्या भाऱ्यावर, वरच्या भाऱ्यावर, सगळीकडे रेघ. सगळ्या गावाचं कवळ तपासलं होतं तिनं, एक आपलं सोडून.

धाकू बांधावर उभा होता. त्याचा हात आपोआप कमरेच्या कोयत्यावर गेला.

“गावकर म्हणाला, पुढचंही नेईल,” तो पुटपुटला. “एक गेली. दुसरं कसं घालवू गो?”

आवडा रडली नाही, ओरडली नाही. म्हणूनच धाकू घाबरला. जन्मात पहिल्यांदा तिनं नवऱ्याला एकेरी हाक मारली. “म्हणजे तूसुद्धा माझं खरं मानलं नाहीस, धाकू. आण तो कोयता इकडे. आता उंडीचं बी तू फोडायचं, तू पुरायचं. आणि झाड वाढेपर्यंत झाड तू व्हायचंस.”

धाकूनं पुरलेल्या बीला कोंब आला नि चैत्रात मुलगा झाला. वैशाखात आवडानं त्याच जागेवर झोळी बांधली नि धाकूच्या हातात माडाच्या पातीचा विणलेला झाप दिला. धाकूनं तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. ऊन सरकलं की धाकू सरकायचा. झोळीवरची सावली मात्र बोटभर हलली नाही. गाव बघायला लोटलं.

“काय धाकू, फळ कधी धरणार?” कुणीतरी विचारलं.

“जागेवाला कोपेल,” गावकर म्हणाला.

“कोपू दे,” आवडा म्हणाली. “आधी ह्या झाडाला ओलांडून तर येऊ दे.”

वैशाख गेला. पोरगा झोळीतून हात काढून झापाशी खेळत राहिला. पुढच्या उन्हाळ्यात शेजारणीनं तिथं आपली झोळी आणली, मग दुसरीनं. सगळ्यांत शेवटी नातवाची झोळी काखेत घेऊन आला तो दादू गावकर. आवडानं त्याला जागा दाखवली.

असं म्हणतात, धाकू सात उन्हाळे उभा राहिला. वीस वर्षांत वाढायची ती उंडी सातांत वाढली. तिची फांदी धाकूच्या डोक्यावरून गेली, तेव्हा आवडानं त्याच्या हातातला झाप काढून घेतला. पण हात खाली येईनात, फांद्यांसारखे वरच राहिले. त्यांना तेल चोळून चोळून आवडानंच ते खाली आणले. तेलही उंडीचंच. आणि असंही म्हणतात, की झाडानं धाकूकडून शिकून घेतलं. त्या उंडीची सावली सकाळी जिथे, तिथेच तिन्हीसांजेला. खोटं वाटत असेल तर निवेखोलला जा नि दिवसभर बसून बघा.

आजही माघात पहिलं कवळ तोडायच्या आधी निवेखोलचे पुरुष उंडीपाशी येतात. कोयते सावलीबाहेर ठेवतात, डोक्यावर झाप धरतात नि उन्हात उभे राहतात. बाया पोरांना घेऊन सावलीत बसतात, पानसुपारी खातात, थट्टा करतात. मग गावातली सगळ्यांत म्हातारी बाई आवडाबायच्या जागी उभी राहते नि कडक आवाजात विचारते, “माझी उंडी कुणी तोडली?”

उन्हातले पुरुष, सावलीतल्या बाया, झोळीबाहेर आलेली पोरं, सगळं गाव एका दमात ओरडतं, नि तोडणाऱ्याच्या वंशातले सगळ्यांत मोठ्यानं:

“धाकूनं!”