खडकुंब्याच्या आखाड्यात मान का चाचपतात

खडकुंब्याच्या जत्रेला आलात की एक रीत बघाल. शेवटची मोठी कुस्ती लागायच्या आधी दोन्हीकडचे वस्ताद तांबड्या मातीत उतरतात आणि आपापल्या पैलवानाची मान, खांदे, गुडघे चाचपतात. तोवर हलगी बंद. परगावचे लोक हसतात, ‘हा काय बैलबाजार आहे?’ म्हणतात. हसू नका. आधी ऐका.

फार मागची गोष्ट. हैबती वस्तादांच्या तालमीत मसू नावाचा पैलवान होता, म्हणे. जत्रेला चार दिवस उरले असताना जोर करताना त्याची मान लचकली. तेल चोळता चोळता वस्तादांच्या बोटांनी ओळखलं, ही मान आता लढली तर मोडेल. जत्रेदिवशी ते इनामदारांपुढे जाऊन उभे राहिले. ‘मसू लढणार नाही.’

इनामदार भडकले. ‘वर्षभर आमच्या म्हशींचं दूध ढोसलं, तेव्हा बरी होती मान?’

‘दूध तुमचं, सरकार. मान त्याच्या आईची आहे.’

काय चुकलं सांगा त्यांचं? पण गाव कुठलं ऐकतंय! ‘वस्ताद भ्याला, बांगड्या भरा त्याला’ म्हणून ओरडा सुरू झाला. त्या ओरड्याने मसूही पेटला, लंगोट कसून मातीत उतरला. ‘वस्ताद, एकच डाव लावू द्या.’ इनामदारांनी हलगीवाल्याला खूण केली.

तेव्हा, असं सांगतात, वस्तादांनी डोईचा पटका काढून बाजूला ठेवला आणि ते आखाड्याच्या मधोमध आडवे झाले. ‘लावा जोड. माझ्या छातीवर लावा!’

लोकांनी उसाची चिपाडं मारली, माती फेकली. म्हातारा हलला नाही. शेवटी मसूच त्यांच्या उशाशी जाऊन बसला. दिवस मावळला. कुस्ती झाली नाही.

बक्षीस काय मिळालं? दुसऱ्याच दिवशी गावाने वस्तादांना वेशीबाहेर काढलं. ज्यांनी माती फेकली त्यांचेच नातू-पणतू आता त्यांच्या नावाने नारळ फोडतात! अहो, जिवंतपणी घोटभर पाणी विचारलं असतं तर?

मसूची मान मात्र बरी झाली. पुढे तालीम ओस पडली, तेव्हा गाव त्यालाच बोलवायला गेलं. तो आला, पण अट घालून: शिकवणारा नाही म्हणाला की नाही.

आजही ती अट मोडायची कुणाची छाती नाही. गेल्या जत्रेत एक बडे पुढारी खुर्चीत बसलेले, कॅमेरे लागलेले, आणि आमच्या वस्तादांनी पैलवानाचा गुडघा दाबून पाहिला न् नकार दिला. पुढारी तोंड वाकडं करून उठून गेले. जाऊ देत. पोरगा आपल्या पायांनी घरी गेला.