चाफ्याखालची बुलेट

"...मग मलाच का नाही, बुवा?"

नागेशबुवांनी मान वळवली. ते मठाच्या फाटकाकडं बघत होते. फाटकाबाहेर चार-पाच पोरं मोटरसायकली घेऊन ताटकळत उभी होती.

"आधी त्यांना आत घे," बुवा म्हणाले.

यशोधन चरफडत उठला.

आता हा यशोधन म्हणजे साधासुधा शिष्य नव्हे बरं का. तत्त्वज्ञानात एम.ए., तेही विद्यापीठात पहिला. मठाच्या भिंतीला भिंत लागून जे विद्यापीठ आहे ना, तेच. सत्कार झाला, पेपरात फोटो आला, आणि चालून आलेली नोकरी सोडून हा पठ्ठ्या बुवांच्या पायाशी येऊन बसला. बुवांनी अनुग्रह द्यावा, कानात एक शब्द सांगावा, एवढंच त्याला हवं होतं.

त्याच्या मागून आलेल्यांनाही बुवांनी तो शब्द दिला. दूध घालायला येणाऱ्या गवळ्याला दिला. यशोधनच्या हातात मात्र झाडू दिला.

आणि सामन्याच्या दिवशी ही पार्किंगची चाकरी.

त्याचं असं होतं. विद्यापीठाच्या मैदानावर फुटबॉलचा सामना असला की विद्यार्थ्यांचं पार्किंग बंद. तिथं पाहुण्यांच्या मोटारी. मग पोरांनी जायचं कुठं? रस्त्यावर गाडी लावावी तर उचलून नेतात. झाडाखाली लावावी तर शिपाई शिट्टी फुंकत धावतो. बिचारी विद्यापीठाला प्रदक्षिणा घालत बसायची. आत गोल झाला की भिंतीपलीकडून आरोळी उठायची, आणि ही पोरं बाहेर हँडल धरून नुसती त्या आवाजाकडं बघत राहायची. बुवांनी एकदा ते बघितलं आणि मठाचं फाटक सताड उघडून दिलं.

"मी मोक्षासाठी आलो होतो," यशोधन एकदा फणकाऱ्यानं म्हणाला होता, "आणि इथं गाड्या लावतोय."

"नीट लावतोस का पण?" बुवांनी विचारलं होतं.

घ्या!

आज अंतिम सामना होता. आणि उद्या बुवा नर्मदेकाठी निघणार होते, ते परत न येण्यासाठी. मठ चालूच राहणार होता. पण बुवा नसतील तर तो मठ घेऊन करायचं काय?  या विचारानं यशोधनला जेवताना घास उतरत नव्हता. कोपऱ्यातली बुवांची काठी दिसली तरी त्याचे डोळे भरून यायचे, आणि मग तो उगाचच कुणावर तरी डाफरायचा.

आताही तो पोरांवर डाफरतच होता.

"हँडल लॉक करू नका रे! कुणीही लॉक करायचं नाही. गाड्या सरकवाव्या लागतात."

"दादा, कुणी पेट्रोल काढलं तर?"

"मठ आहे हा. लाव गप."

अंगण भरत गेलं. विहिरीपर्यंत गाड्या लागल्या. मग उशिरा आलेल्यांच्या त्यानं वाटेतच दाटीवाटीनं उभ्या केल्या. बाहेर पडायची वाट एकच, चाफ्याजवळून जाणारी. आणि तिथंच चाफ्याखाली, निम्मी वाट अडवून, यशोधनची स्वतःची बुलेट.

ती मात्र लॉक होती. किल्ली त्याच्या खिशात. ती जागा त्याची, ती सावली त्याची. तिथं कोण कशाला हात लावेल?

सामना सुरू झाला. सगळी पोरं मैदानाकडं पळाली. अंगणात कुणी उरलं नाही.

"ये रे," आतून बुवांची हाक आली. "दार लोटून घे."

यशोधननं धावत आत जाऊन दार लोटून घेतलं. इतक्या दिवसांत बुवांनी दार लोटून घ्यायला कधी सांगितलं नव्हतं.

बुवा घोंगडीवर बसले होते. तो समोर जमिनीवर बसला.

"काय हवंय तुला?"

"तुम्हाला ठाऊक आहे."

"तरी सांग."

यशोधननं मनात जुळवून ठेवलेलं मोठं बोलणं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना. 

"तुम्ही उद्या जाणार, बुवा... तो शब्दही नसेल, तर माझ्यापाशी तुमचं काय राहील?"

 बुवा पुढं वाकले. त्यांची दाढी यशोधनच्या गालाला लागली. त्यानं डोळे मिटून घेतले.

"ओ... ही बुलेट कुणाची आहे?"

अंगणातून एका मुलीचा आवाज.

बुवा थांबले.

"कुणी आहे का? लॉक आहे ही! माझी स्कूटी मागं अडकलीय."

यशोधननं डोळे उघडले नाहीत. जाईल, म्हणाला मनाशी. थांबेल जरा. सामना संपेपर्यंत थांबली तर काय बिघडतं?

पायऱ्यांवर पावलं वाजली. दारावर थाप पडली.

"महाराज, आत आहात का? माझ्या पप्पांची सुट्टी संपली हो. आज परत चाललेत, जम्मूला. रेल्वे आपल्या स्टेशनवर जराशीच थांबते. माझं प्रॅक्टिकल आत्ता सुटलं... तिकडचं पार्किंग बंद होतं, म्हणून इथं लावली होती..."

"बुवा," यशोधन कुजबुजला. "सांगा ना."

"कुणाची आहे रे ती बुलेट?" बुवाही तितक्याच हळू म्हणाले.

"...माझी."

"हं."

"एवढं सांगा आणि जातो. एक शब्दच तर आहे!"

 कानापाशी बुवांचा श्वास तेवढा लागत होता.

बाहेर पावलं परत अंगणात गेली. मग लोखंड फरशीवर खरवडल्याचा आवाज आला. एकटी पोरगी ती बुलेट ओढायला बघत होती. लॉक केलेली बुलेट कशाची हलतेय! पुन्हा खरवडल्याचा आवाज. पुन्हा. मग सगळं थांबलं, आणि ती रडायला लागली. मोठ्यानं नाही. कुणी ऐकेल याची आशा सोडल्यावर माणूस रडतो, तसं.

ते रडणं यशोधनच्या ओळखीचं होतं. तिला काय हवं होतं? जाणाऱ्या माणसापाशी घटकाभर. त्याला तरी दुसरं काय हवं होतं?

 हलू नये असं वाटत होतं. बुवांची दाढी अजून गालाला लागलेली होती, आणि असं पुन्हा या जन्मी होणार नव्हतं.

"अगं ए, थांब!" तो ओरडला आणि उठला.

पायात चप्पल नाही. धावत जाऊन त्यानं लॉक काढलं, बुलेट ढकलत फाटकाबाहेर नेली आणि रस्त्याच्या कडेला उन्हात उभी केली. परत येऊन वाटेतल्या गाड्या भराभर बाजूला सारल्या. मागच्या गाड्या त्या पोरीनं आधीच एकटीनं सरकवलेल्या होत्या. तिचे हात काळे झाले होते. ते तिनं तोंडाला पुसले होते, म्हणून तोंडही काळं झालं होतं.

"तुमची होती का बुलेट?" तिनं विचारलं.

"हो."

"मग आत होतात ना तुम्ही? ऐकू नाही आलं?"

"...आलं."

तिनं त्याच्याकडं बघितलं. आणखी बोलायला तिला वेळ नव्हता. स्कूटी फाटकातून सुसाट बाहेर पडली.

"सावकाश जा गं!" यशोधन मागून ओरडला.

ती वळणावर दिसेनाशी झाली तरी तो तिथंच उभा राहिला. स्टेशनच्या बाजूला कान देऊन तो रेल्वेची शिट्टी ऐकू येते का बघत होता. तेवढ्यात मैदानावर गोल झाला. त्या आरोळीत त्याला काहीच ऐकू येईना, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्या पोरांच्या आनंदाचा राग आला नाही. नुसती घाई वाटत राहिली. गप्प बसा रे जरा, एवढंच वाटलं.

"दादा, जागा आहे का?"

घामाघूम झालेला एक विद्यार्थी. सगळा परिसर फिरून आला असावा.

"चाफ्याखाली लाव," यशोधन म्हणाला.

"तिथं? सावलीत?"

"लाव रे. पळ, अर्धा सामना गेला तुझा."

यशोधन आत आला तेव्हा बुवा घोंगडीवर तसेच बसलेले होते. तो दारातच उभा राहिला. त्याची पावलं तापलेल्या रस्त्यानं भाजली होती.

"तुझी बुलेट?"

"बाहेर. रस्त्यावर."

"उचलून नेतील."

"नेऊ देत." तो सारखा दाराबाहेर बघत होता. "बुवा, ती पोचेल का हो?"

बुवांनीही दाराबाहेर पाहिलं.

"दुसऱ्यांदा हाक आली तेव्हाही मी बसून राहिलो. पहिल्याच हाकेला उठलो असतो तर... वाटेत त्या मोटारींची गर्दी असेल. तिचे पप्पा खिडकीतून बघत असतील... पोचेल ना?"

पाहुण्यांच्या मोटारींचे हॉर्न वाजत होते. काही पाहुणे सामना अर्धवट सोडून निघाले असावेत. यशोधनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं.



बुवा घोंगडीवर जरासे बाजूला सरकले. आजवर त्या घोंगडीवर त्यांच्याशेजारी कुणी बसलेलं नव्हतं. मोकळ्या झालेल्या जागेवरून त्यांनी हात फिरवला.

"ये," बुवा म्हणाले. "आता मावशील."