वाघ, भिंत आणि शेवाळलेली पायरी

फार मागची गोष्ट. किती मागची म्हणाल, तर तेव्हा वाघांना बोलता यायचं आणि माणसांना ऐकून घ्यायला सवड असायची. ती ऐकून घेत होती की नाही, ते तुम्हीच बघा.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. घरं सारवलेली, गुरं धष्टपुष्ट, माणसंही प्रेमळ. फक्त गावात जो तो लंगडत होता. कुणी डाव्या पायाने, कुणी उजव्या. समोरासमोर आले की एकमेकांवर आदळू नयेत म्हणून डावे लंगडे रस्त्याच्या एका कडेने चालत आणि उजवे दुसऱ्या. धडधाकट असा एकटा हाडवैद्यच होता, आणि घरोघरी पाय बांधून मिळालेलं तूप खाऊन खाऊन तो चांगलाच गुटगुटीत झाला होता.

आता एवढे पाय मोडायचे कशाने? तर गावाला पाणी होतं एका बारवेचं. बारव म्हणजे पायऱ्यांची मोठी विहीर. तिची मधली एक पायरी कधीकाळी एका बाजूला कलली होती आणि तिच्यावर हिरवंगार शेवाळ धरलं होतं. तिच्यावर पाय पडला की माणूस थेट पाण्याजवळ पोचायचा, घागरीच्या आधी.

तुम्ही म्हणाल, मग पायरी बसवून का घेतली नाही? अहो, पायरीकडे बघायला गावाला वेळ कुठे होता? गावाला वाघाची काळजी होती.

झालं होतं असं, की कुणाच्या तरी पणज्याच्या काळी बारवेपाशी एक वाघ आला आणि पाटलांच्या घराण्यातला एक बोकड उचलून घेऊन गेला. एवढंच. पण ती गोष्ट गावाच्या मनात अशी काही बसली की विचारू नका. चुलीपुढे तीच, पारावर तीच, बारशालाही तीच. सांगता सांगता वाघ रेड्याएवढा झाला आणि बोकडाच्या अंगी इतके सद्गुण आले की त्याच्या आठवणीने म्हाताऱ्यांचे डोळे भरून येत. पुन्हा वाघ काही कुणी पाहिला नव्हता. पायरीवरून मात्र दर आठवड्याला कुणी ना कुणी पडत होतं. पण पडण्यात सांगण्यासारखं काय असतं?

बारवेच्या तोंडाशीच रान सुरू होई. वाघ पाठीमागून झडप घालतो हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून गावाने एकमताने रिवाज पाडला होता, की बारवेत उतरायचं ते पाठमोरं. तोंड रानाकडे, पाठ पाण्याकडे, नजर झाडीत. पाय कुठे पडतोय ते पायाने आपलं आपण बघावं.

मग कुणी पडलं की लोक धावत, त्याला उचलत आणि हळहळत, "वाघानं आणखी एक पाय मोडला की हो!" अशा रीतीने कधी न आलेल्या वाघाच्या नावावर गावातले सगळे पाय जमा झाले होते.

अशा गावात गजरा नावाची सून आली. तिचं माहेर लांबच्या माळरानावरचं. तिथे ना वाघ, ना वाघाची गोष्ट. पहिल्याच दिवशी ती घागर घेऊन, पायाखाली बघत, सरळ तोंडाने बारवेत उतरली. शेवाळावरून पाय चुकवला, पाणी भरलं आणि वर आली. बायकांनी तोंडाला पदर लावले.

सासू कडाडली, "अगं ए बये! वाघाला पाठ दाखवलीस?"

"आत्याबाई, पर वाघ हाय कुठं?"

"दिसत न्हाई, म्हनून तर जपायचं! दिसला असता तर पळालो नसतो का?"

सासू वाईट नव्हती. दोनदा आपटलेली होती आणि दोन्ही वेळा वाघाला शिव्या घालून उठली होती. गजराही मग रिवाजाने पाठमोरी उतरू लागली.

पुढे तिला दिवस गेले. त्याच सुमारास नवऱ्याचा पाय पायरीवर मोडला आणि तो खाटेला खिळला. सातव्या महिन्यात एकदा उतरताना गजराचा पाय सुटला. सासूच्या लुगड्याचा काठ हाती लागला म्हणून दोघी जागच्या जागी बसल्या, एवढंच. त्या दिवशी ती हबकली. नवऱ्याजवळ बसून म्हणाली, "माझं काय हुईल ते होऊ द्या. पर मी पडले तर पोटातल्याचं काय?"

नवरा कळवळून म्हणाला, "खरं हाय तुझं. वाघापासनं लई जप."

गजराने कपाळाला हात लावला.

त्या गावात सुगी झाली की घरटी माणसं डोंगरावरून दगड फोडून आणत आणि त्या दगडात गावाचं एकच काम करत. त्या वर्षी पाटलांनी पारावर सभा बोलावली. माणसं लंगडत लंगडत आली. कुणी काठी टेकत, कुणी भावाच्या खांद्यावर.

पाटील म्हणाले, "औंदा रानाच्या कडेनं भिंत घालायची. वाघाचा बंदोबस्त एकदा हून जाऊ द्या."

सासूच्या मागे उभी असलेली गजरा डोक्यावरचा पदर सारखा करून पुढे आली. "पाटील, एक इचारू का? वाघानं खाल्लेली माणसं हितं कोन कोन हायती? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. तेवढ्यात हाडवैद्य उठला. "पोरी, खाल्लेली मानसं हात कशी वर करतील?"

"बिनतोड!" लोक म्हणाले. हात वर करणारं कुणीच नाही, म्हणजे बरीच खाल्ली गेली असणार, अशी कुजबुजही झाली.

गजरा म्हणाली, "बरं. कुनाच्या घरातलं कोन खाल्लंय, त्यांनी करा."

पाटलांनी जड अंतःकरणाने हात वर केला. "आमचा बोकड."

"आनि पायरीवरनं कोन कोन पडलंय?"

हाडवैद्याचा सोडून सगळे हात वर गेले. हातातल्या काठ्याही वर गेल्या, त्यामुळे चारपाच जण जागीच कोलमडले.

"मग दगूड कुठं लावायचा, तुमीच सांगा," गजरा म्हणाली. क्षणभर वाटलं, पोरीने जिंकलं. कुणी कुणी आपल्या पायाकडे बघू लागलं. पण हाडवैद्याला पुढच्या वर्षाचं तूप डोळ्यांसमोर दिसत होतं. तो म्हणाला, "अवो, पर पडला कशापायी? वाघाकडं बघत हुता म्हनून! वाघ हटला की पडनं हटलं."

"हे बराबर बोलला!" पाटील म्हणाले, आणि भिंत ठरली. गजराची सासूही भिंतीच्याच बाजूने होती. मला तर त्या सगळ्यांचा असा राग येतो की काय सांगू. पण आपणही त्या पारावर असतो तर काठी वर करून भिंतच मागितली असती, म्हणून गप्प बसतो.

भिंत उभी राहिली, उंच आणि देखणी. लोक आता भिंतीकडे तोंड करून पाठमोरे उतरू लागले आणि पूर्वीसारखेच पडू लागले.

उन्हाळा आला. रानातले पाणवठे आटले. एके दिवशी सकाळी बायका बारवेवर असताना भिंतीच्या टोकाला वळसा घालून खराखुरा वाघ आला. भिंत म्हटली की ती कुठेतरी संपणारच, हे गावाच्या ध्यानात आलं नव्हतं. बायका ओरडत पळाल्या. लंगड्या पायांनी सगळ्या झाडावर कशा चढल्या ते देव जाणे. गजराला नववा महिना. तिला पळवेना. ती वरच्याच पायरीवर बसली आणि पोटावर हात ठेवून डोळे मिटले.

वाघाने तिच्याकडे पाहिलंही नाही. तो तहानेने कासावीस झाला होता. दोन उड्या, तिसरी उडी नेमकी शेवाळावर, आणि धप्प! वाघ पाण्याच्या कडेला चारी पाय वर करून पडला.

बऱ्याच वेळाने, मागचा पाय चाटत तो कण्हला, "बाई, हा सापळा कुणी लावलाय? माझ्या सगळ्या रानात असली वाईट जागा नाही."

गजराने डोळे उघडले. "लावलेला न्हाई. तुज्या भीतीनं तसाच ठेवलाय."

"माझ्या? मी तर पहिल्यांदाच येतोय! तो बोकड खाल्ला ते माझे खापरपणजोबा. बोकड म्हातारा होता. त्यांचं पोट असं बिघडलं की त्यांनी मरताना सगळ्यांकडून शपथ घेतली, या गावाचं काही खायचं नाही. इथलं सगळंच नासकं, असं आमच्यात लहानपणापासून सांगतात."

"एका बोकडावरनं?"

"तुमचंही एका बोकडावरूनच चाललंय की," वाघ म्हणाला. पोटभर पाणी पिऊन तो लंगडत, ती पायरी मोठ्या आदराने टाळत, वर चढला आणि निघून गेला.

गजराने सगळं गावाला सांगितलं. कुणालाही पटलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या न आलेल्या वाघाला घाबरणारं गाव म्हणू लागलं, "छ्या! वाघ कधी बोलतो का?" पण झाडावरून बायकांनी वाघ घसरताना पाहिला होता, ते मात्र झटकन पटलं.

पाटलांनी बारवेच्या दिशेने हात जोडले. "भिंतीनं वाघ अडला न्हाई, पायरीनं अडवला! आपली राखनदारीण हाय ती. आनि आपुन तिला नीट करायच्या गोष्टी करत हुतो!"

दुसऱ्या दिवसापासून पायरीची पूजा सुरू झाली. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, आणि हो, घरटी वाटीभर तेल ओतलं. शेवाळावर.

तेल ओतायचा पहिला मान गावच्या सुईणीकडे होता. बाकीच्यांचं ओतणं दिवसभर चाललं. संध्याकाळच्या पाण्याला ती पुन्हा आली, रिवाजाप्रमाणे पाठमोरी उतरली, आणि राखणदारणीने तिला थेट खाली पोचवलं. घोटा मोडला. तिला वर आणायला गेलेले दोन गडी तिच्याच शेजारी जाऊन पडले. तिसरा गडी पायरीपाशी उभा राहून खाली बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने खाली बघितलं होतं.

आणि नेमक्या त्याच वेळी घरी गजराला कळा सुरू झाल्या.

पहिलटकरीण, बाळ आडवं, असं सासूच्या हाताला लागत होतं. सुईणीशिवाय चालणार नव्हतं. गजरा सासूचं मनगट घट्ट धरून म्हणाली, "आत्याबाई, माझं बाळ जाईल हो."

सासू उठली. दोन्ही पायांनी लंगडत बारवेपाशी आली. पाटील पायरीला नारळ बोलायच्या बेतात होते. म्हातारीने त्यांच्याकडे बघितलंही नाही. ती भिंतीजवळ गेली आणि दोन्ही हातांनी वरचा दगड ओढू लागली.

"अगं म्हातारे, वाघ यील!" पाटील ओरडले.

"येऊ दे!" म्हातारी किंचाळली. "यील तवा बघीन. माझी सून आत्ता मराया लागली! माझं दोन पाय ह्या पायरीनं मोडलं, माझ्या लेकाचा मोडला, आनि मी मेली वाघाला शिव्या घालीत बसले. हात लावा दगडाला, न्हाईतर बाजूला व्हा!"

आणि ती रडू लागली. रडता रडता दगड ओढत होती.

पाटील तसे मनाचे चांगले होते. त्यांनी पागोटं उतरवून ठेवलं आणि दगडाला हात घातला. मग सगळं गाव लागलं. तेलावर चुलीतली राख टाकली, शेवाळ खरवडलं, कललेल्या पायरीवर भिंतीचे दगड पक्के बसवले. मग पाटील स्वतः सरळ तोंडाने, एकेक पाऊल बघत खाली उतरले. मागोमाग हाडवैद्य. सुईणीला पाठीवर घेऊन वर आणायला तेवढेच दोन पाय गावात धड उरले होते. इतक्या वर्षांचं तूप त्या दिवशी कामी आलं.

सुईणीने खाटेवर बसून, स्वतःचा घोटा विसरून, गजराची सुटका केली. मुलगी झाली. सासूने तिला मांडीवर घेतलं आणि कितीतरी वेळ कुणालाच देईना.

पुढे त्या बारवेत कुणी पडलं नाही. नवी पोरं सरळ पायांची निघाली. तूप बंद झाल्याने हाडवैद्य बारीक झाला आणि शेळ्या राखू लागला. पाण्यासाठी वाघ अधूनमधून येई, पाणी पिऊन जाई, आणि खापरपणजोबांच्या शपथेपायी शेळ्यांकडे ढुंकूनही बघत नसे.

गाव मात्र एकदम शहाणं झालं असं समजू नका. पारावर बसून पाटील सांगत, "बघा, भिंत पाडली आनि पडनं थांबलं. म्हंजे भिंतच वाईट हुती!" सगळे माना डोलवत. गजरा ते ऐकून हसे, लेकीला कडेवर घेई आणि पायाखाली बघत पाण्याला उतरे.

म्हणून सांगतो, बाळांनो आणि बाळांच्या आजोबांनो: जे मनात मोठं होऊन बसलंय तेच संकट मोठं असं धरून चालू नये, रोज खरोखर कशाने मोडतंय ते आधी बघावं.