गाठ्याचा मणी

टिक्, टिक्, टिक्. फार जुन्या काळी वांग्याच्या मुळाशी राहणाऱ्या एका जिवाणूच्या पोटातून असा आवाज यायचा. तिथे विकर नावाचे इवलेसे कारागीर ओळीने बसून बुरशीला पळवणाऱ्या औषधाची माळ ओवायचे. प्रत्येक जण एकच मणी जोडायचा नि माळ पुढच्याच्या हाती द्यायचा. शेवटचा गाठ्या मात्र नुसती दोन टोकं जुळवून गाठ मारायचा.

“गाठ्याभाऊ, तुमचा मणी कुठाय हो?” पहिला कारागीर रोज चिडवायचा. गाठ्या हसायचा, पण ते त्याला लागायचं.

एके दिवशी बुरशी मुळं खात खात त्यांच्या दाराशी आली. “घाई आहे, सरक बाजूला!” म्हणत पहिल्याने बिनगाठीचीच माळ बाहेर सोडली. बुरशीने ती शेवईसारखी सुर्रकन ओढली. “छान होती हं. आणखी आहे का?”

“गाठ्या, ये रे बाबा,” पहिला हळूच म्हणाला.

गाठ्याने पुढच्या माळेची टोकं जुळवली, गाठ मारली नि ते कडं बाहेर सोडलं. बुरशीने तेही गिळलं. कडं घशात अडकलं. तिने तोंड उघडलं, मिटलं, आणि आल्या वाटेने परत चालू लागली.