छतातून उतरायची गाडी

शोरूममध्ये दोन छोट्या आलिशान एसयूव्ही शेजारीशेजारी उभ्या होत्या, एक काळी, एक पांढरी. भालचंद्रशेठ बिल्डरांनी ड्रायव्हर रोहिदासला पुढे ढकललं. "उपनगरात रोज तूच चालवणार. कुठली घेऊ, सांग. चुकलास, तर नोकरी गेली समज!"

सोबत आलेल्या शेठाणींना काळी हवी होती, शेठना पांढरी. आधीचा ड्रायव्हर एकदाच उलट बोलला आणि त्याच दिवशी घरी बसला होता.

"काळी घ्या, शेठ," रोहिदास कसाबसा म्हणाला. "हिचं छत जास्त उघडतं."

"छताचं काय करायचंय?" शेठ गरजले.

"तुम्ही बांधलेल्या बिल्डिंगमध्येच तुम्ही राहता. तिथल्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या जागेत तीन गाड्यांचे पट्टे आखलेत. यातली कुठलीही गाडी आत शिरेल, पण दार उघडणार नाही. तुम्हाला वरूनच उतरावं लागेल."

शेठाणींनी आधी शेठच्या पोटाकडे पाहिलं, मग गाडीच्या छताकडे. रोहिदासने भीतीने डोळे मिटून घेतले.

शेठचा पडलेला आवाज आला. "उद्याच सगळे पट्टे नव्याने मारायला सांग."

"आणि गाडी, शेठ?"

"आता कुठलीही चालेल."