नाव नसलेल्याला शिव्या

"त्याचं नाव काय?"

भानजीनं मठाच्या अंगणातूनच विचारलं. पायांतल्या वहाणासुद्धा त्यानं काढल्या नव्हत्या.

म्हाताऱ्या बयाक्का सूप पुढ्यात घेऊन शेंगा सोलत होत्या.

त्यांच्या पंथाला मूर्ती नव्हती, देऊळ नव्हतं. माणसाला वाट दाखवणारं काहीतरी आहे, एवढीच श्रद्धा. त्याला नाव नाही. बोलताना नुसतं ‘ते’ म्हणायचं. बयाक्कांनी हे भानजीला शिकवलं आणि भानजीनं ते खोऱ्यातल्या गावागावांत नेलं. त्याच्यासारखं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. हे त्यालाही ठाऊक होतं.

"नाव नाही, हे तूच लोकांना सांगतोस."

"मला हवंय."

"कशाला?"

"शिव्या द्यायच्यात."

...

गेल्या आठवड्यात नदीत होडी उलटली. माहेरी यायला निघालेली भानजीची लेक, रेऊ, त्या होडीत होती.

"लोक भेटायला येतात, अक्का. ‘ते नेतं ते बरोबरच नेतं,’ म्हणतात. माझंच वाक्य. माझ्याच ओसरीवर बसून मला ऐकवतात..."

बयाक्कांनी सूप बाजूला सारलं. त्याच्यासमोर येऊन बसल्या.

"माझं नाव घे."

"अक्का..."

"दे शिव्या."

आधी त्याला जमेना. मग एक शिवी सुटली, आणि पुढं तो थांबेना. जन्मात तोंडी न आणलेलं बोलला. मठातली माणसं धावली, एकानं त्याचा दंड धरला. बयाक्कांनी हात वर करून सगळ्यांना मागं सारलं. त्यांचे डोळे भरले होते, पण मान खाली गेली नाही.

घसा बसला तेव्हा तो त्यांच्या पायाशी कोसळला. लेक गेल्यापासून पहिल्यांदा रडला.

बऱ्याच वेळानं म्हणाला, "रेऊला ‘त्या’नंच नेलं ना, अक्का? तुम्ही हो म्हणालात तर मी मानीन."

बयाक्का त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या...

"मला नाही ठाऊक, भानजी."

"मग कुठल्या तोंडानं गावागावांत जाऊ?"

"गावागावांत नको. खाली कोळवाड्यात जा. त्याच होडीत लहानूचा पोरगा होता. तेव्हापासून लहानूनं तोंड उघडलेलं नाही."

"त्याला काय सांगू?"

"काही सांगू नकोस."

बयाक्कांनी त्याला धरून उभं केलं.

"शिव्या द्यायला त्याच्याजवळ कुणी नाही."