रथ घोड्यांनीच हाकला!

भोगीच्या दिवशी भर दुपारी सरदार हैबतरावांचा रथ भरबाजारात घुसला आणि सकवार कुंभारणीची संक्रांतीसाठी मांडलेली सहाशे सुगडं बघता बघता मातीत गेली! म्हातारा सासरा सुगडं वाचवायला पुढं झाला, तर चाकाचा धक्का बसून त्याचा हात मोडला. रथ भिंतीला अडला तेव्हा कुठं थांबला. आत सरदार आडवे पसरलेले, आणि दारूचा भपकारा थेट वेशीपर्यंत!

रायभानराजांच्या राज्यात याला कडक कायदा होता. दारू पिऊन गाडी हाकणाऱ्याला तीन महिने कैद, गाडी जप्त, आणि वर्षभर लगामाला हात लावायचा नाही. पण भोगी, संक्रांत, किंक्रांत असे तीन दिवस दरबार बंद! दुसरा कुणी असता तर दरबार उघडेपर्यंत कोठडीत बसला असता. हैबतराव पडले राणीसाहेबांचे भाऊ. कोतवालानं त्यांना पालखीत घालून घरी पोचवलं.

चौथ्या दिवशी दरबार भरला आणि सकवारनं तक्रार मांडली. सरदार न्हाऊनमाखून, अत्तर लावून हजर!

"प्यायलो होतो, नाही कशाला म्हणू?" ते ऐटीत म्हणाले. "पण कायदा काय म्हणतो? दारू पिऊन गाडी हाकील, त्याला शिक्षा! मी कुठं हाकली? मी तर आत बेशुद्ध पडलो होतो. रथ घोड्यांनीच हाकला!"

राजा मोठा हट्टी. "कायदा माझ्या आजोबांचा आहे. त्यातला काना-मात्रासुद्धा मी बदलणार नाही! सकवार, रथ घोड्यांनी हाकला असेल, तर घोडे दारू प्यायले होते हे सिद्ध कर. नाहीतर खोटी तक्रार केलीस म्हणून उद्या बिऱ्हाड उचल आणि शहर सोड!"

कोतवाल मिशीत हसला. सकवार मनाशी हिशेब करू लागली. तीन दिवसांपूर्वी घोडे काय प्यायले हे आता ब्रह्मदेव तरी सांगेल का? फिरतं चाक, पेटती भट्टी, हात गळ्यात बांधलेला म्हातारा, हे सगळं घेऊन जायचं कुठं? तिनं पदर खोचला.

"महाराज, सरदारांचं म्हणणं मला मान्य आहे!"

"आं?" हैबतरावच दचकले.

"चिटणीसकाका, लिहून घ्या. सरदार बेशुद्ध होते आणि रथ घोड्यांनी हाकला. बरोबर ना, सरदार?"

"शंभर टक्के बरोबर!"

"मग काका, आजोबासाहेबांच्या कायद्यातलं जकात नाक्याचं कलम वाचा. माझा नवरा एकदा गाडीत झोपला होता, तेव्हा माझी मडकी त्याच कलमाखाली अडकली होती. मला पाठ आहे, पण तुमच्या तोंडून शोभेल."

चिटणीसांनी वाचलं, "ज्या गाडीवर शुद्धीतला माणूस नसेल, त्या गाडीत जे काही सापडेल तो बेवारस माल समजावा. मालक ओळख पटवून सोडवून नेईपर्यंत कोठारात कुलूप लावून ठेवावा. मालक न आल्यास लिलाव करावा."

"आता सांगा, रथात काय सापडलं?"

"सरदार हैबतराव..." चिटणीस चाचरले.

"म्हणजे सरदार बेवारस माल! महाराज, काना-मात्रा बदलायचा नाही हं!"

दरबारात खसखस पिकली. राजानं ओठ दाबले आणि चिकाच्या पडद्याकडे वळून विचारलं, "वहिनीसाहेब, हा माल तुमचा का?"

पडद्याआड सरदारांच्या पत्नी गजराबाई बसल्या होत्या. त्या सावकाश म्हणाल्या, "बघू... नाही बाई! आमच्या यजमानांनी बारा वर्षांपूर्वीच दारू सोडली आहे. रोज शपथेवर सांगतात. हा माल दुसऱ्या कुणाचा तरी दिसतो!"

"लिलाव कधी ठेवायचा, महाराज?" सकवारनं साळसूदपणे विचारलं. "आणि बोली लावायला कोणी येईल ना?"

हैबतरावांचा चेहरा लालबुंद झाला. पागोटं सावरत ते ओरडले, "माल? मी? अरे, लगाम माझ्या हातात होता! चांगला शुद्धीत होतो मी! रथ मीच हाकला!"

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. पण चिटणीसांनी तोवर ओळ पुरी केली होती!

राजा असा हसला, असा हसला, की सिंहासनाच्या हाताला धरून बसावं लागलं. "मेव्हणे, तीन महिने कैद, रथ जप्त, वर्षभर लगाम बंद! म्हाताऱ्याचं औषधपाणी आणि सगळ्या सुगडांची भरपाई तुमच्याकडून. आणि कोतवाल, तुम्ही यांना ज्या कोठडीत ठेवायला हवं होतं, तिथं तीन दिवस तुम्ही राहून या! सकवार, तू बोल, बक्षीस काय हवं?"

"महाराज, सणाला दरबाराचं एक दार उघडं ठेवा. पिणारे सुट्टीतच पितात, आणि नेमका न्यायही तेव्हाच सुट्टीवर जातो!"

राजाला पुन्हा हसू फुटलं. "ठेवतो! पण त्या दारात न्यायाला तूच बसायचं!"

आणि जरीचं लुगडं सकवारच्या ओटीत घालत राजा म्हणाला, "होळी दोनच महिन्यांवर आली आहे, सकवारबाई. कामाला लागा!"